वेशीवरची कोरी चौकट

ऑडिटरबाई निवृत्त झाल्या तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी त्यांना एक घड्याळ दिलं आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधणं हाच जिचा जन्मभराचा धंदा, तिला निरोप देताना माणसं जरा जास्तच गोड बोलतात. बाईंनी तो गोडवाही तपासून घेतला, त्यात तथ्य थोडं आणि साखर फार आहे असा शेरा मारला आणि घरी येऊन खेळायला बसल्या.

खेळ कॉम्प्युटरवरचे, इतिहासातले. एखादं जुनं राज्य हाती घ्यायचं, कोठारं भरायची, रस्ते बांधायचे, शेजारच्या राजाशी सोयरीक जमवायची आणि सोयरीक फिसकटली की त्याच्यावर चाल करून जायचं.

"उंटावरून शेळ्या हाकायच्या, एवढंच ना?" नवरा विचारायचा.

"मग इतकी वर्षं मी दुसरं काय करत होते?" बाई म्हणायच्या.

नवऱ्याचं पडद्यांचं दुकान होतं. आता ते पुतण्या बघत होता, पण सगळा बाजार नवऱ्यालाच पडदेवाले म्हणून ओळखायचा. माणूस बोलका. गिऱ्हाईक एका खिडकीचा पडदा घ्यायला यायचं आणि बोलण्याच्या नादात साऱ्या घराची मापं देऊन जायचं. बाई कमी बोलणाऱ्या, त्यामुळे संसारात शब्दांचा एकूण ताळमेळ बरोबर बसलेला होता.

या खेळांची एक गंमत असते. मूळ खेळ कंपनी बनवते, पण त्यावर जीव जडलेली माणसं आपल्या घरी बसून त्यात भर घालतात. कुणी नकाशात चुकलेली नदी तिच्या पात्रात आणून सोडतो. कुणी शिपायांच्या चिलखतावरच्या गंजाचा रंग सुधारतो. कुणी विस्मृतीत गेलेल्या राजघराण्यातल्या सुना-लेकी शोधून काढून त्यांना त्यांच्या जागी बसवतो. या भर घालण्याला मॉड म्हणतात. मिळकत शून्य, आणि मागे नाव राहिलंच तर टोपणनाव. बाईंचा या मंडळींवर फार जीव होता. आणि बाईंचा जीव असणं म्हणजे चुका काढणं. त्यांची मॉडवरची परीक्षणं खेळणाऱ्यांत चवीनं वाचली जायची. 'ओझ्याच्या बैलांना हिवाळ्यात चारा लागत नाही असं गृहीत धरलेलं दिसतं. बैलांचा खुलासा मागवावा.' मॉडवाले आधी चिडायचे, मग मुकाट्यानं चारा घालायचे.

एकाच मॉडपुढे बाई नमल्या. तो एका बेकरीवाल्यानं केलेला होता. पहाटे भट्टी लावायची आणि पाव फुगेपर्यंत लिहीत बसायचं, अशी त्याची पद्धत. बाकीच्या खेळांत राजे आणि सरदारच काय ते बोलतात. त्याच्या मॉडमध्ये नावाडी बोलायचा, सुईण बोलायची, मिठाच्या गोण्या वाहणारा बोलायचा. ही माणसं दरबारात यायची, कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट उघडायची, तिच्यात त्यांचं म्हणणं उमटायचं, आणि खालचं बटण दाबून निवाडा द्यायचा. इतर खेळांत वेढा पडला की सैनिक मरतात. बेकरीवाल्याच्या गावात आधी मीठ संपायचं, मग सरपण, मग शेजारधर्म. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाईंनी खेळ थांबवून स्वतःसाठी चहा केला होता. कुणाच्या कामाला त्यांनी दिलेली ती सर्वांत मोठी सलामी.

त्या गावात एक द्वारपाल होता. वेशीवर उभा असायचा. अधूनमधून तोही दरबारात यायचा आणि त्याची चौकट उघडायची, पण ती कोरी असायची. खाली एकच बटण, 'बरं'. बाईंनी लगेच त्रुटी कळवली. बेकरीवाल्याचं उत्तर आलं: 'त्याला काय बोलायला लावावं ते सुचलंच नाही, मावशी. जो सगळ्यांना येताना बघतो आणि जातानाही बघतो, तो काय बोलेल? उगाच खोटं लिहिण्यापेक्षा कोरं ठेवलं.'

बाईंनी खाली लिहिलं, 'त्रुटी मान्य. दुरुस्तीची गरज नाही.' असा शेरा त्यांच्या हातून उभ्या नोकरीत कधी गेला नव्हता.

मग पडदेवाल्यांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली.

पाय सावरला, हात बऱ्यापैकी सावरला. वाचा सावरली नाही. सगळं समजत होतं. वर्तमानपत्र उघडून योग्य बातमीवर भुवई चढायची. पण तोंडातून निघायचा तो एकच शब्द, 'बरोबर'. जन्मभर गिऱ्हाइकाला बरोबर म्हणत आलेल्या माणसाच्या गाठीला तेवढाच उरला होता.

"चहा घेणार?"

"बरोबर."

"की कॉफी?"

"बरोबर."

"की दोन्ही नको?"

"बरोबर," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. हसता हसता डोळे भरले की खिडकीकडे तोंड करायचे. बाई चहा आणायच्या आणि पाठमोऱ्या माणसाच्या हाताशी ठेवायच्या.

वाचा परत आणण्यासाठी एक थेरपिस्ट मुलगी घरी यायची. ती चित्रांचे पत्ते मांडायची. चमचा. छत्री. कुलूप. "काकांच्या आत सगळं शाबूत आहे," ती म्हणायची, "बाहेर यायचा रस्ता तेवढा बुजलाय. सुरुवातीच्या महिन्यांतच तो उकरता येतो. काकू, तुम्ही त्यांच्याशी बोला आणि उत्तराची वाट बघा. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका."

बाईंना यातलं शेवटचं कलम जड गेलं. पण ती मुलगी खरं सांगत होती, आणि बाईंना दुसरं काहीच नको होतं. त्या माणसाचा आवाज हवा होता. तो टोमणे मारणारा, वेळीअवेळी चालू होणारा, पूर्वी ज्याला त्या 'जरा गप्प बसा हो' म्हणायच्या तोच.

दुपारी बाई खेळायला बसायच्या आणि शेजारी खुर्चीत ते. त्यांनीच निवडलेला गवती रंगाचा पडदा अर्धा ओढलेला असायचा. अशाच एका दुपारी द्वारपाल दरबारात आला. चौकट उघडली. बाईंचं बोट सवयीनं 'बरं'वर गेलं आणि थांबलं.

चौकट कोरी नव्हती.

'ओढूनताणून बसवलेला पडदा आणि ओढूनताणून आणलेलं हसू, दोन्ही पहिल्या धुण्यात उघडी पडतात.'

हे वाक्य बाईंनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून हजारदा ऐकलं होतं. त्यांनी मान वळवली. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

बाईंनी पहिला संशय घेतला पुतण्यावर. त्यांनी फोन लावला.

"काकू, मी? त्या तुमच्या खेळात शिरायचं कुठून तेही मला ठाऊक नाही. इथे झालरीच्या ऑर्डरी तुंबल्यात. काका बरे आहेत ना?"

मग त्यांनी मॉडची फाइल उघडली. कोण काय बोलतो ते सगळं तिच्यात ओळीनं लिहिलेलं असतं. नावाड्यापुढे त्याची वाक्यं, सुईणीपुढे तिची. द्वारपालापुढे अवतरणचिन्हं होती, एक उघडणारं, एक मिटणारं. मध्ये काही नव्हतं. बाईंनी चौकटीचा फोटो बेकरीवाल्याला पाठवला. 'हे मी लिहिलेलं नाही,' त्याचं उत्तर आलं. 'पण सुचलं असतं तर लिहिलं असतं. कुणाचं आहे?'

बाईंनी उत्तर दिलं नाही. पुरावा नसताना नाव घ्यायचं नाही, हा नियम.

पुरावा त्याच आठवड्यात आला. जेवणं झाल्यावर बाईंनी विचारलं, "मीठ जास्त पडलं का हो आज?"

"बरोबर," नवरा म्हणाला.

बाई खेळायला बसल्या. जरा वेळानं द्वारपाल आला. 'मीठ बेतात होतं. तूच सकाळपासून आंबट आहेस.'

बाई मोठ्यानं हसल्या आणि चटकन तोंडावर हात ठेवला. कितीतरी दिवसांत त्या घरात कुणी इतकं मोठ्यानं हसलं नव्हतं.

त्यानंतर दुपारचं राज्य भराभर चालू लागलं. बाई लढाया टाळायच्या, तह करायच्या, वर्षांमागून वर्षं पळवायच्या, कारण द्वारपाल ऋतू पालटला की यायचा. यायचा आणि बोलायचा. शेजारणीच्या नव्या सोफ्याबद्दल बोलायचा. पुतण्यानं लावलेल्या भडक रंगांबद्दल बोलायचा. 'दुकान आहे का सर्कस?' बाई चौकटीकडे बघून भांडायच्या, लाजायच्या, कधी रुसायच्यासुद्धा. चित्रांचे पत्ते डब्यात राहिले. शेजारच्या खुर्चीतला माणूस गिऱ्हाईक न फिरकलेल्या दुपारी दुकानात बसावा तसा बसून राहायचा. हात मांडीवर, नजर दाराकडे.

"आधी काकांच्या ओठांवर नवे शब्द यायला बघायचे," थेरपिस्ट मुलगी एकदा म्हणाली. "आता तसा प्रयत्नही दिसत नाही. बोलता ना त्यांच्याशी?"

"दिवसभर."

"आणि ते?"

बाईंनी चष्मा पुसायला घेतला. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं आणि खरं सांगणं शक्य नव्हतं.

त्या दुपारी द्वारपाल आला. चौकटीत एकच शब्द होता.

'बरोबर.'

बाईंनी खुर्ची मागे सारली. त्या वळल्या.

"अहो, चहा घेणार?"

नवऱ्याचे ओठ हलले.

"अहो. चहा? की कॉफी?"

ओठ पुन्हा हलले. नुसती हवा आली. त्यांनी हात गळ्याशी नेला आणि चाचपडला, खिशातलं पाकीट सापडत नसल्यासारखा. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, ते फार वाईट होतं.

तिकडे जे जमा होत होतं ते इकडून वजा होत होतं. इतकी उघडी नोंद, आणि ज्यांच्या नजरेतून उभ्या जन्मात काही सुटलं नाही त्यांच्याच नजरेतून सुटली. सुटली कसली, त्यांनी सुटू दिली.

बाईंनी बेकरीवाल्याला फोन केला. "द्वारपालासाठी वाक्यं लिहा. जमेल तितक्या लवकर."

"मावशी, तुम्हीच तर कोरं राहू द्या म्हणाला होतात."

"आता नाही म्हणते. जागा रिकामी आहे म्हणून कुणीतरी तिथे जाऊन राहतंय."

पलीकडे कणीक मळणाऱ्या यंत्राची घरघर चालू होती. ती बंद झाली.

"त्या फोटोतल्या वाक्याचं माणूस?"

"हो."

"परत आलं नाही तर?"

"ते मला विचारू नका. लिहा."

त्यानं लिहिलं. दुसऱ्या दिवशी फाइल आली. ती बसवायला एक बटण दाबायचं होतं आणि बाईंचा हात उचलेना. बटण दाबलं की तिकडचा आवाज जाणार, इतकं नक्की होतं. इकडचा येईल याला आधार काहीच नव्हता. कधी नव्हे ती बाईंना विनापुरावा सही करायची होती.

त्यांनी जुना खेळ शेवटचा एकदा चालू केला. गव्हाची कापणी झाली. ऋतू पालटला. द्वारपाल आला.

'माप घेऊन झालंय ना? मग कात्री चालव. कापड अर्ध्यात सोडायचं नसतं.'

बाईंनी 'बरं' दाबलं.

नवी फाइल बसली. द्वारपाल पुन्हा आला तेव्हा चौकटीत लिहिलेलं होतं, 'सरकार, पूर्वेकडून गाड्या आल्यात. आत सोडू का?' वाक्य स्वच्छ होतं, नेटकं होतं, आणि परक्याचं होतं. बाईंनी कॉम्प्युटर बंद केला आणि पत्त्यांचा डबा उघडला. चमचा. छत्री. कुलूप. नवरा बघायचा, ओठ हलवायचा. बाई वाट बघायच्या. अशा कितीतरी दुपारी सरत गेल्या. दोन्हीकडचं गेलं असं त्यांना वाटू लागलं, पण त्यांनी डबा मिटला नाही.

एका सकाळी त्या खिडकीचा पडदा सरकवत होत्या. तो मध्येच अडला. त्यांनी हिसका दिला.

"थांब," मागून आवाज आला. "कडी अडकलीय. फाडशील."

बाई पडदा तसाच धरून उभ्या राहिल्या. वळायचा धीर होईना.

"डावीकडून," नवरा म्हणाला. "डावीकडून... हं. बरोबर."

मग शब्द येत गेले, आधी पडद्यांचे, मग स्वयंपाकघरातले, मग टोमणे. थेरपिस्ट मुलीनं टाळ्या वाजवल्या. "कधीकधी अशी उडी लागते," ती म्हणाली. बाईंनी तो निष्कर्ष जसाच्या तसा राहू दिला. पुतण्याला दुकानात रंगांवरून बोलणी खावी लागली आणि तो आनंदानं रडला.

बाईंनी बरेच दिवस विचारलं नाही. एका दुपारी, चहा पिताना, विचारलंच.

"तिकडे कसं होतं हो?"

नवऱ्यानं बशीत पाहिलं. "उभं राहावं लागायचं. बसायला काही नव्हतं." मग म्हणाला, "तुझा आवाज वरून यायचा. छान यायचा. घरात इतकं कधी बोलली नाहीस."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही." त्यानं कप खाली ठेवला. "अगं, माझ्यामागे रांग होती."

"कसली रांग?"

"माणसांची. सगळी माझ्यासारखी वाचा गेलेली. खिडकी एकच, आणि पुढे मी. मी बोलायला लागलो की मागची माणसं पुढे सरकायची, कान द्यायची. मला वाटायचं, आटपावं आता, दुसऱ्याला द्यावं. पण तू हसायचीस. मग मी आणखी एक वाक्य बोलायचो."

बाईंनी त्याचा कप आपल्याकडे ओढून घेतला.

"तू ती खिडकी बुजवलीस," तो म्हणाला. "मी आलो. ती माणसं उभी असतील अजून."

"असू देत."

"अगं..."

"असू देत म्हटलं ना! एकदा तुम्हाला तिकडे जाऊ दिलं. पुन्हा तिथे भोक पाडायला मी सांगणार नाही."

"मला तू ओळखलंस," नवरा हळूच म्हणाला. "पहिल्या वाक्याला. तो खेळ किती ठिकाणी खेळतात, तूच सांगत असतेस. त्यांनाही ओळखणारं कुणीतरी बसलं असेल कुठेतरी. पण वाक्य दिसायला तर हवं."

बाई उठून गेल्या. भांडी घासून झाली, ती पुन्हा घासली. मग त्यांनी बेकरीवाल्याला फोन केला. सगळं सांगितलं, पुराव्यासकट आणि पुराव्याविना. त्यानं ते ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "द्वारपालाला नको हात लावायला, मावशी. गावाला मागची वेस करतो. तिथे एक माणूस उभा करतो."

मॉडची नवी फाइल सगळ्यांसाठी निघाली. सोबत त्याची दोन ओळींची सूचना होती: 'मागच्या वेशीवरच्या माणसाची चौकट कोरी आहे, तो दोष नाही. तिच्यात काही उमटलं आणि ते ओळखीचं वाटलं, तर त्या माणसाशी जाऊन बोला.'

दुपारी बाई खेळायला बसल्या. एका हातानं त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं होतं.

"बोलत राहा," त्या म्हणाल्या. "थांबू नका."

"काय बोलू?"

"काहीही. पडदे विका मला."

"बाईसाहेब, हे बघा, सुती घ्या," तो म्हणाला. "सुती कापड उजेड अडवत नाही, नुसता चाळतं. मखमल दिसायला भारी, पण धूळ धरते, सासू राग धरते तशी. आणि माप घेताना खिडकीचं नाही, भिंतीचं घ्यायचं..."

खेळात पेरणी झाली. नदी चढली, उतरली. बाईंनी मनगट सोडलं नाही. मागच्या वेशीवरचा माणूस दरबारात आला.

चौकट उघडली. कोरी होती.

"...झालर हवी तर वेगळी शिवायची," नवरा बोलत होता, "पडद्यालाच जोडली की ओढताना..."

चौकटीत अक्षरं उमटली.

'बाळाला उठवू नका. मी आलेच.'

नवरा थांबला.

बाईंच्या बोटांखाली त्याची नाडी चालू होती. त्यांनी मान वळवली नाही. वळवता आली नाही.

"अहो," त्या म्हणाल्या. "बोला."

तो बोलेना.

"अहो!"

"हीच," नवरा अगदी हळू म्हणाला. "माझ्यामागे हीच उभी होती."

बाईंचा श्वास सुटला. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. 'बरं' दाबायला बोट पुढे गेलं आणि तसंच राहिलं. कुठल्यातरी घरात हे वाक्य ओळखणारं कुणीतरी बसलेलं असेल, त्याला वाचायला वेळ मिळावा, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं.

"बाळ केवढं असेल हो तिचं?" त्यांनी विचारलं.

"बाळ?" नवरा चौकटीकडे बघत म्हणाला. "अगं, तिच्या डोक्यावर एक काळा केस उरला नव्हता. बाळाचेही आता पिकले असतील."